पिंजऱ्यातली साद

मोठ्या माळरानाच्या कडेला एक झोपडी होती आणि तिच्या दाराशी टांगलेल्या बांबूच्या पिंजऱ्यात एक तित्तर राहत होता. कोंबडीखाली उबवलेल्या अंड्यातून तो बाहेर आला, तेव्हापासून त्याने माणसाचाच हात पाहिला होता. गळा मात्र त्याला असा लाभला होता, की वाटेने जाणारा क्षणभर थबकून ऐकत राही. त्याला पाळणारा शिकारी रोज सकाळी त्याच्यापुढे ताजी वाळवी टाकी आणि लाडाने म्हणे, "गा रे राजा! तुझ्यासारखा गळा साऱ्या माळावर कुणाचा नाही." ते ऐकून तित्तराची छाती फुगून येई.

मग शिकारी पिंजऱ्यावर फडकं टाकी, तो माळावर नेऊन गवतात ठेवी, भोवती दोऱ्याचे बारीक फासे मांडी आणि आपण झुडपाआड दडून बसे. फडक्याखालच्या अंधुक उजेडात तित्तर जीव ओतून साद घाली. थोड्याच वेळात गवत सळसळे, हलकी पावलं जवळ येत आणि मग पंखांची जोराची फडफड ऐकू येई. 'माझं गाणं ऐकून बिचारे बेभान होतात,' असं तित्तर स्वतःला सांगे. घरी परतताना शिकाऱ्याच्या खांद्यावरची झोळी जड झालेली असे; कधी कधी ती हलतही असे. फडकं जुनं, विरलेलं होतं. त्यातून झोळी सहज दिसली असती. पण तित्तर नेमकी तिकडेच पाठ करून बसे.

एके दिवशी झोळी शिवणीत उसवली आणि माळावरच्या तित्तरांची एक कोवळी पोर तिच्यातून खाली पडली. "हिच्या अंगावर अजून मांस ते काय!" म्हणत शिकाऱ्याने तिला उचललं आणि गवयाच्याच पिंजऱ्यात ढकलून दिलं.

"माळावर साद घालत होता ते तुम्हीच का?" धापा टाकत तिने विचारलं.

"मीच," मान ताठ करून तित्तर म्हणाला. "आवडली?"

"खूप. आई म्हणाली, कुणीतरी एकटं पडलंय, चल, जाऊ त्याच्या सोबतीला. म्हणून तर आम्ही आलो." ती कामट्यांमधून इकडेतिकडे बघू लागली. "माझी आई कुठं आहे हो?"

अंगणात चूल पेटली होती. चुलीपाशी करड्या पिसांचा ढीग पडला होता आणि वाऱ्याबरोबर एकेक पीस पिंजऱ्यापर्यंत येत होतं. तशी पिसं तित्तराने आजवर कितीदा पाहिली होती. पोरीने पिसांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," तो घाईघाईने म्हणाला. मग नजर खाली गेली. "मी कधी बघितलं नाही, पोरी. बघितलं असतं तर गाता आलं नसतं."

ती रडली नाही, त्याला टाकूनही बोलली नाही. नुसती सरकून पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. पिंजरा इतका लहान, की तिथेही तिचा पंख त्याला लागत होता. तेव्हा तित्तर अंग चोरून बसला. आपल्या स्पर्शाचीही तिला किळस येत असेल, असं त्याला वाटलं.

सकाळी शिकाऱ्याने वाळवी टाकली, ती तशीच पडून राहिली. "ही खातच नाही, मग पोसून काय उपयोग!" म्हणत पोरीला बाहेर काढायला त्याने दार उघडून हात आत घातला. ज्या हाताने आजवर खाऊ घातलं, त्या हाताच्या बोटावर तित्तराने सारं बळ एकवटून चोच मारली. शिकारी कळवळून मागे सरला. "पळ!" तित्तर ओरडला. पोर भुर्रकन उडाली, तिच्यामागून तोही धडपडत बाहेर पडला आणि पळत जाऊन एका काटेरी जाळीत शिरला. मागून शिकाऱ्याची हाक आली, "अरे राजा, असं काय करतोस? ये ना! तुझ्याशिवाय घर सुनं होईल रे." त्या आवाजात खरंच माया होती. तित्तराचे पाय वळलेसुद्धा. आपले पाय वळले, याचीच त्याला सर्वांत जास्त लाज वाटली.

शिकारी गेल्यावर माळावरचे तित्तर जाळीपाशी जमले. त्यांना बघून त्याने सवयीने साद घातली मात्र, सगळे पांगले. आयांनी पिल्लांना पंखाखाली ओढलं. "हाच तो आवाज!" कुणीतरी किंचाळलं.

"हो, तोच," तित्तर म्हणाला. "तुमची माणसं माझ्या हाकेने गेली. मला सोबतीला घेऊ नका. पण एक ऐकून ठेवा. तो शिकारी आता दुसरा तित्तर पाळेल. मोकळा तित्तर हिंडत हिंडत साद घालतो, त्याची हाक जागा बदलते. पिंजऱ्यातली हाक एकाच जागेवरून येत राहते. ती कितीही गोड असली, तरी तिकडे जाऊ नका."

कुणी त्याचे आभार मानले नाहीत. पण ती पोर पुढे झाली आणि म्हणाली, "पिल्लांना शिकवा हे. मी त्यांना घेऊन येईन."

तेव्हापासून दरसाल नवी पिल्लं जाळीपाशी येत. तित्तर आधी चालत चालत साद घाली, मग एका जागी उभा राहून घाली आणि फरक ओळखायला लावी. माळावर फासे मांडले जात, पण आता ते बहुधा रिकामेच राहत. आणि दरसाल एखादं चुणचुणीत पिल्लू विचारीच, "आजोबा, हे तुम्हाला कसं हो कळलं?"

मग तो मान खाली घाली आणि पहिल्यापासून सारं सांगे, एकही गोष्ट न गाळता.

तात्पर्य : आपला गुण कुणाच्या कामी येतो आहे याकडे पाठ फिरवणं, हाही अपराधच आहे, आणि त्याची लाज लपवून नव्हे, तर सांगूनच इतरांच्या उपयोगी पडते.