रम, व्हिस्की आणि केरबाचं मत

हुंबरवाडी नावाचं एक गाव आहे. गावात माणसं सातशे, म्हशी नऊशे आणि भोळा एकच. त्याचं नाव केरबा.

केरबा कामाला वाघ. पण त्याला काही सांगायचं तर जपून सांगावं लागायचं. एकदा आई म्हणाली, "चुलीवरच्या भाताकडं बघ रं." केरबा समोर मांडी घालून बघत बसला. भात करपला, काळा झाला, घरभर धूर झाला. आई खोकत आली तरी केरबा बघतच होता. पापणी पण हलवली नव्हती पठ्ठ्यानं.

असा हा केरबा अनसाच्या प्रेमात पडला. पिठाच्या गिरणीत अनसा त्याला म्हणाली, "मिशीला पीठ लागलंय तुझ्या." एवढंच म्हणाली. केरबानं चार दिवस मिशी धुतली नाही.

पाचव्या दिवशी तो तिच्या बापाकडं गेला. बाप म्हणजे सुभेदार मोरबाळे, मिलिटरीतनं रिटायर. मिशा अशा, की दोन्ही टोकांना एकेक लिंबू टांगावं.

आता सुभेदारांचं दुःख वेगळंच होतं. दर रविवारी दुपारी मळ्यातल्या फणसाखाली ते आणि देशिंगे मास्तर बसायचे. मास्तर पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे. आता शाळा नाही, म्हणून दिसेल त्याला शिकवायचे. दोघांचं पिणं दोन-दोन पेग. भांडण मात्र बाटलीभर. सुभेदार म्हणायचे रम भारी, मास्तर म्हणायचे व्हिस्की भारी. अकरा वर्षं झाली. मतं एकास एक.

केरबा म्हणाला, "आबा, अनसा द्या मला."

सुभेदार म्हणाले, "मला जावई नको, तिसरं मत पायजे. तीन रविवार ये. आमच्यात बसून चार शब्द धड बोललास, तर पोरगी तुझी. न्हाईतर निपाणीचं स्थळ तयारच हाय."

दारामागनं अनसा हळूच म्हणाली, "नीट बोल बरं का. निपाणीचा जेवताना लई मचमच करतो."

पहिला रविवार आला.

सुभेदारांनी ग्लासात रम ओतली. काळीभोर. म्हणाले, "घे."

केरबानं ग्लास घेतला, तोंड वर केलं आणि गटागटा रिकामा केला. मग एक ढेकर दिला. फणसावरचा कावळा उडाला.

"कशी हाय?" सुभेदारांनी विचारलं.

केरबानं विचार केला. "ओली हाय."

सुभेदारांनी कपाळाला हात लावला. "अरं म्हसोबा! ही काय ताक हाय? आधी उजेडाला धरायची. रंग बघायचा. मग वास घ्यायचा. मग एक घोट तोंडात घोळवायचा. मग सांगायचं काय चांगलं, काय जास्त झालंय, मागल्या खेपंला कशी हुती. कळलं?"

"कळलं," केरबा म्हणाला. आणि खरंच कळलं होतं त्याला. तीच तर पंचाईत.

दुसऱ्या दिवशी सोमवार. केरबा महादेवाच्या देवळात गेला. गुरवानं त्याच्या हातावर तीर्थ घातलं. केरबानं ओंजळ उजेडाला धरली. एक डोळा मिटून रंग बघितला. नाक लावून वास घेतला. मग तोंडात घेऊन या गालातनं त्या गालात असं घोळवलं, की मागं उभ्या बायकांना खुळखुळ ऐकू आली.

गिळून म्हणाला, "सुरुवात गोड हाय गुरवकाका. पण शेवटाला बेल जरा जास्त झालाय. मागल्या सोमवारचं बरं हुतं."

गुरवानं हातातली पळीच हाणली. "देवाच्या तीर्थाला नावं ठेवतोस? हाताच्या ओंजळीत घ्यायचं, डोळं मिटायचं, गप प्यायचं, वला हात डोक्यावरनं फिरवायचा आणि प्रदक्षिणा घालून घरला जायचं. त्वांडातनं चकार शब्द काढायचा न्हाई!"

"बरं," केरबा म्हणाला. टेंगूळ चोळत घरी गेला आणि सगळं पाठ केलं.

दुसरा रविवार आला. आज मास्तरांची पाळी. त्यांनी ग्लास स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं पुसला, उन्हात धरला आणि त्यात व्हिस्की ओतली. सोनेरी.

"घे केरबा. बघ, आणि तुझ्या शब्दांत सांग."

केरबानं ग्लास घेतला. त्यातली व्हिस्की ओंजळीत ओतली. डोळे मिटले. गप प्यायला. ओला हात डोक्यावरनं फिरवला. शेंडीपर्यंत. मग उठला आणि फणसाला प्रदक्षिणा घालायला लागला.

"अरे, मत दे मत!" मास्तर ओरडले.

केरबा बोलेना. पाच प्रदक्षिणा झाल्या, हात जोडले आणि तो घरी गेला. संध्याकाळपर्यंत त्याच्या डोक्यावर एक माशी बसली होती. तिला उडायचं होतं, पण जमत नव्हतं.

मास्तर मागोमाग घरी आले. शिकवल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. म्हणाले, "केरबा, मुका राहून मत होत नाही. तुलना करावी लागते. ही हलकी, ती जड. ही नुसतीच उग्र, ती गोल. आणि एखादी बंद-बंद वाटली, तर वरून दोन थेंब पाणी टाकावं. लगेच खुलते. हे विसरू नकोस."

"न्हाई इसरत," केरबा म्हणाला.

बुधवारी शेजारच्या इंदूवैनीच्या बाळाचं बारसं. घरात पन्नास बायका. पाळण्याभोवती ही गर्दी. इंदूवैनी कौतुकानं म्हणाली, "केरबाभावजी, बघा की आमचं बाळ. कसं हाय?"

केरबानं बाळ उचललं. वजन घेतलं. "हलकं हाय. पाटलाच्या सुनंचं जड हुतं. त्ये गोल हुतं, हे नुसतंच उग्र हाय."

बायकांची गाणी थांबली.

"आणि जरा बंद-बंद वाटतंय," केरबा म्हणाला. त्यानं तांब्यात बोटं बुडवली आणि बाळाच्या तोंडावर दोन थेंब टाकले.

बाळ खुललं. असं खुललं, की पार वेशीपर्यंत ऐकू गेलं.

बायकांनी केरबाला लाटण्यानं, पोळपाटानं आणि एकीनं तर घुगऱ्यांच्या पातेल्यानं बाहेर काढलं. इंदूवैनी कडाडली, "लेकराची कुणी तुलना करतं व्हय? नजर लागती! आधी काजळाची तीट लावायची. कडाकडा बोटं मोडायची. ह्यो आईवर गेलाय, त्यो बापावर गेलाय, दोन्ही गोंडस, असं म्हणायचं. कुणाच्या लेकराला नावं ठेवायची न्हाईत!"

केरबानं घुगऱ्या झटकल्या. हेही पाठ केलं.

मग तिसरा रविवार आला. शेवटचा. अनसानं सकाळीच देवाला नारळ कबूल केला होता. निपाणीवाल्यांचाही निरोप आला होता, की हो किंवा नाही ते आज कळवा.

फणसाखाली पाटावर दोन ग्लास. एकात रम, एकात व्हिस्की. एकीकडं सुभेदार, एकीकडं मास्तर. अकरा वर्षांचा निकाल लागणार होता.

"बोल केरबा," सुभेदार म्हणाले. "रम का व्हिस्की?"

केरबानं हाक मारली, "अनसा, काजळ हाय का घरात?"

अनसानं डबी आणून दिली. केरबानं एका ग्लासाला तीट लावली. दुसऱ्या ग्लासाला तीट लावली. दोन्ही ग्लासांवरनं हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. आणि म्हणाला,

"ही आईवर गेलीय. ती बापावर गेलीय. दोन्ही गोंडस हायत. कुणाच्या लेकराला नावं ठेवू नयेत."

सुभेदारांच्या मिशा हलायला लागल्या. आता हाणतात, असं अनसाला वाटलं.

पण सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मास्तर," ते म्हणाले, "अकरा वर्षं मी तुमच्या लेकराला नावं ठेवली हो."

मास्तरांनी नाक शिंकरलं. "मीही ठेवली, सुभेदार. तुमच्या रमला मी खोकल्याचं औषध म्हणालो."

"आणि मी तुमच्या व्हिस्कीला भिजल्या फळीचं पाणी म्हणालो."

दोघांनी गळ्यात गळे घातले. मास्तर रम प्यायले. सुभेदार व्हिस्की प्यायले. दोघंही म्हणाले, "वाईट न्हाई की!" केरबाला काहीच कळलं नाही. पण आज पहिल्यांदाच कुणी मारलं नव्हतं, म्हणून तो खूश होता.

सुभेदार तर असे पेटले, की घरात जाऊन कपाटातली बाटलीच घेऊन आले. त्यांचा भाचा बोटीवर कामाला. त्यानं परदेशातनं आणलेली. केरबानं बघितलं आणि लगेच बूच धरलं.

"हां हां! हात काढ!" सुभेदार ओरडले. "अशा चीजंची घाई करायची नसती. कपाटात ठेवायची. पाव्हणं आलं की लांबनं दावायची."

मास्तरांना राहवेना. "आणि केरबा, ही बारा वर्षं लाकडाच्या पिंपात मुरलीय. त्याआधी हीसुद्धा कच्चीच होती. डोक्यात जाणारी. पिंपात मुरली, तेव्हा कुठं गुण आले."

"बारा वर्षं," केरबा पुटपुटला. "लाकडाच्या पिंपात."

तेवढ्यात अनसा पोह्यांच्या बशा घेऊन आली. आज तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं. सुभेदारांनी केरबाच्या पाठीवर अशी थाप मारली, की त्याच्या तोंडातला शेंगदाणा समोरच्या वाफ्यात पडला.

"जावई! पोरगी दिली तुला! बोल, कवा नेतोस? ह्या माघात बार उडवू?"

अनसा लाजली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. केरबानं तिच्याकडं नीट बघितलं. डोळे भरून बघितलं. मग तो दोन पावलं मागं सरला आणि शहाण्यासारखी मान हलवून म्हणाला,

"न्हाई आबा. एवढ्यात नको. अशा चीजंची घाई करायची नसती. अजून कच्ची हाय ती. डोक्यात जाती."

"आँ?" सुभेदार म्हणाले.

"बारा वर्षं लाकडाच्या पिंपात घाला तिला. चांगली मुरू द्या. गुण येऊ द्यात. तवर पाव्हणं आलं की लांबनं दावा. मग मी नेतो."

पहिली पोह्यांची बशी केरबाच्या कानावर फुटली. दुसरी पाठीवर. तिसरी हातात घेऊन अनसा बापाला म्हणाली, "आबा, निपाणीला निरोप धाडा. मचमच तर मचमच!"

सुभेदारांनी पायातला मिलिटरीचा बूट काढला. केरबा पळाला. सुभेदार मागं, मास्तर त्यांच्या मागं, मळ्यातलं कुत्रं सगळ्यांच्या मागं. बांध ओलांडला, ओढा ओलांडला. पळता पळता केरबाच्या मनात आलं, की आपण जरा जास्तच मागितलं वाटतं.

ओढ्यापलीकडं थांबून, दोन्ही हात तोंडाशी धरून तो ओरडला,

"बरं, ऱ्हाऊ द्या आबा! आठ वर्षं मुरली तरी चालंल!"