मखमली बासन

"लॅपटॉप न सांगता बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं?" काशीबुवांनी विचारलं.

"न सांगता म्हणजे न सांगता!" विश्वंभर ओरडला. "आणखी किती फोड करून सांगू? चालता चालता मरतो. सूचना नाही, इशारा नाही... पडदा काळा!"

मठाच्या ओसरीवर चैत्रातलं ऊन आत सरकत होतं. बुवा सुपारी कातरत होते. शिष्याचा आवाज चढला की बुवांची सुपारी बारीक होत जाते, हे मठात सगळ्यांना ठाऊक होतं. विश्वंभरला ते कधी दिसलं नव्हतं, कारण ओरडताना तो डोळे मिटून घेई.

तो साधासुधा शिष्य नव्हता. जुन्या पोथ्यांवर पीएच.डी. करून, कॉलेजातली नोकरी सोडून तो मठात आला होता आणि आठवड्यातून एकदा तरी हे कुणाला ना कुणाला ऐकवत असे. धर्माधिकाऱ्यांच्या घरची तीनशे वर्षांची पोथी त्याच्याच शब्दावर मठात आली होती, तीन महिन्यांसाठी. फोटो काढायचा नाही, अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायचं, अशी त्यांची अट. आज मुदत संपत होती. पाच वाजता त्यांची गाडी येणार आणि पोथी परत जाणार. त्या घरात भावाभावांत वाटण्या लागल्या होत्या. एकदा आत गेलेली पोथी पुन्हा बाहेर येईल अशी आशा कुणालाच नव्हती.

अठराव्या अध्यायाच्या साठ ओव्या राहिल्या होत्या. आणि लॅपटॉप वीस मिनिटांच्या वर जगत नव्हता.

"मग हातानं लिही," बुवा म्हणाले. "बोरू देऊ?"

"बोरू! बुवा, बोरू घासायला मी इथं आलेलो नाही."

अडकित्ता वाजला. कट्.

"काय काय करून बघितलंस?"

"काय नाही केलं ते विचारा. बॅटरी बदलली. चार्जर बदलला. सगळं पुसून नव्यानं भरलं. वायरमन बोलावून भिंतीतलं बटण बदललं. शेवटी लातूरला नेला. तिथं दोन दिवस अखंड चालला, एकदाही पडला नाही! टेकडी चढून इथं आणला की वीस मिनिटांत आडवा. म्हणजे खोट यात नाही, बुवा. खोट इथं आहे. या मठात!"

"मठात कुठं?"

"स्वयंपाकघरात! द्वारकाबाईंनी मिक्सर लावला की..."

"म्हणून काल पंक्तीत तिला बोललास?"

विश्वंभरनं तोंड फिरवलं. शरमेनं नव्हे, रागानंच.

द्वारकाबाई मठात स्वयंपाक करायच्या. एकतीस वर्षं त्या इथं भाकरी थापत होत्या. काल चाळीस माणसं पानावर असताना तो त्यांच्यावर कडाडला होता, "अडाणी माणसाच्या हाती यंत्र दिलं की असंच व्हायचं. उद्यापासून पाट्यावर वाटा!" बाईंच्या हातात आमटीची पळी होती. ती त्यांनी पातेल्यात ठेवली आणि आत गेल्या. आज सकाळी त्यांची खोली रिकामी होती.

"त्याही तसल्याच," तो उसळून म्हणाला. "न सांगता निघून गेल्या. जायचं तर सांगून जावं माणसानं! या मठात यंत्रंही तसली आणि माणसंही तसली."

अडकित्ता थांबला.

"आज मिक्सर कुणी लावला?"

"कुणी नाही. लावणार कोण?"

"आणि हा किती वेळा बंद पडला?"

"आज?"

"किती वेळा?"

"तीनदा," विश्वंभर पुटपुटला.

"आण इकडं."

त्यानं लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून आणला. पोथी आणतात तसा. पोथी कधी उघडी ठेवत नाहीत, बासनात बांधतात. आणि जिच्यात पोथी उतरली ती वस्तूही पोथीच, असं विश्वंभरचं म्हणणं. म्हणून त्यानं जाड कापूस भरलेलं लाल मखमलीचं बासन शिवून घेतलं होतं, तेही द्वारकाबाईंकडूनच. खालून आणि चारी बाजूंनी घट्ट, फक्त पडदा आणि कळा उघड्या. लॅपटॉप चालायचाही त्यातच. लातूरच्या कारागिरानं मात्र ते आल्या आल्या ओढून कोपऱ्यात टाकलं होतं. विश्वंभरनं तिथं त्याचाही उद्धार केला होता.

बुवांनी बासनात हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

त्यांनी लॅपटॉप उपसून चटईवर ठेवला. मग उठले. सत्तरी उलटली तरी हात तालमीतला होता. ते गरम बासन त्यांनी विश्वंभरच्या नाकातोंडावर दाबलं आणि मानेमागं त्याची टोकं आवळून धरली.

"म्हण. अठराव्या अध्यायाची पहिली ओवी म्हण."

विश्वंभरनं म्हणायला सुरुवात केली. पहिला चरण कसाबसा निघाला. दुसऱ्याला नुसतं हुं हुं झालं. त्यानं बुवांच्या मनगटावर चापट्या मारल्या. पाय आपटले. कपाळावरची शीर टरारून फुगली. बुवा सुपारीच्या ताटलीकडे बघत होते.

शेवटी त्यानं सगळी ताकद लावून ते बासन हिसकून काढलं आणि लांब भिरकावलं.

"जीव घेता का माझा?"

"ओवी अर्ध्यात सोडलीस," बुवा म्हणाले. "तीही न सांगता?"

"न सांगता?" विश्वंभरच्या तोंडून थुंकी उडाली. "ओरडत होतो मी! हात आपटले, पाय आपटले... तुम्ही ऐकलंच नाही!"

त्याचा आवाज ओसरीभर घुमला. आणि पहिल्यांदाच त्याचा त्याला ऐकू आला.

...

तो हळूच खाली बसला. चटईवरच्या लॅपटॉपच्या पोटाला त्यानं हात लावला. तव्याला हात लागावा तसा चटका बसला.

बासन शिवून आणलं त्याच दिवशी द्वारकाबाई म्हणाल्या होत्या, "सर, जरा हात लावून बघा की. लई तापायलंय ह्ये. गरम भाकर फडक्यात बांधली की घामेजती, तसं व्हायलंय याला." तो म्हणाला होता, तुम्ही तुमच्या भाकरीचं बघा. सोमवारी त्या पुन्हा दाराशी आल्या होत्या. "आतून घरघर यायलीय, सर. दम लागल्यावानी." त्यानं उठून दार लावून घेतलं होतं.

बुवा स्वयंपाकघरातून द्वारकाबाईंची दुरडी घेऊन आले. तव्यावरची भाकरी त्या कधी लगेच झाकून ठेवत नसत. या दुरडीच्या काठाला टेकवून उभी करत, वारं लागू देत. बुवांनी दुरडी पालथी घातली आणि तिच्यावर लॅपटॉप ठेवला. बांबूच्या फटींतून खालनं वारा जायला लागला.

"लाव."

त्यानं लावला. आतला पंखा फुरफुरला, मग संथ झाला. विश्वंभर टाइप करायला बसला. दहा मिनिटं झाली. वीस झाली. पंचवीस झाली... पडदा उजळलेलाच होता.

बावीस ओव्या उतरल्या. त्याचा राग मात्र उतरला नव्हता. फक्त आता तो कुणावर काढायचा, ते त्याला कळत नव्हतं. बोटं कळांवर होती आणि नजर सारखी दुरडीच्या काठावर जात होती. काठ एका जागी तुटला होता, तिथं द्वारकाबाईंनी जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून गाठ मारली होती.

"बुवा... त्या कुठं गेल्या?"

"परळीला. भाऊ आहे तिचा. परळीची एकच गाडी, ती सव्वाचारला लागते. सकाळपासून फाट्यावर बसली असेल."

"या उन्हात?"

"मग? तिथं काय मांडव घातलाय तिच्यासाठी?" बुवांचा आवाज पहिल्यांदा चढला.

"पण तुम्हाला कसं कळलं?"

"मला सांगून गेली. पाया पडली आणि गेली."

"मला तर..."

"तुझ्याही दाराशी गेली होती. दोनदा कडी वाजवली तिनं. तू आतून काय म्हणालास?"

विश्वंभरला आठवलं. पहाटेचा पहिला प्रयत्न नुकताच वाया गेला होता आणि त्यानं दार न उघडताच आरोळी ठोकली होती, 'कटकट नको आहे सकाळी सकाळी!' कडी वाजायची थांबली होती. थांबली म्हणून त्याला बरंच वाटलं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार वाजून गेले होते. फाटा टेकडीखाली, चालत अर्ध्या तासाच्या वाटेवर. अडतीस ओव्या उरल्या होत्या. आता बसला तर पाचपर्यंत नक्की होणार होत्या.

"मी गेलो तर अठरावा अध्याय जाईल, बुवा. कायमचा. तीन महिने राबलोय मी यासाठी..."

बुवांनी नवी सुपारी घेतली.

कट्.

विश्वंभर बसून राहिला. मग त्यानं दात आवळले, स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली आणि उठला. पडदा मिटला नाही. पोथी होती तशीच उघडी राहिली. पायऱ्या उतरताना एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात बुवांची, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

फाटकापर्यंत धावत गेला आणि तिथं थबकला. वळून ओरडला. या वेळी डोळे उघडे होते.

"बुवा, त्यांना काय सांगू?"

बुवांनी मान वर केली नाही.

"तू काय सांगणार?... सांगायचं तिचं सांगून झालंय."