श्रीरंगाची पारख

"मग या शिष्यांतले कामाचे किती?" निजानंदबुवांनी विचारलं.

"पाच," श्रीरंग जराही न अडखळता म्हणाला.

घाटमाथ्यावरच्या मठात त्याला सात वर्षं झाली होती. प्रत्येक गुरुबंधूचा स्वभाव आपण पुरता ओळखला आहे, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

"भिवा नुसता हसवतो. सदोबा शब्दाशब्दाला भांडतो. धोंडू तर घुम्याच, चारचौघांत असून नसल्यासारखा. पाच जण मात्र माझ्यासारखे आहेत. चटकन ठरवतात."

"तुझे पाच घेऊन जा."

दरड कोसळून झऱ्याच्या तोंडात मोठा दगड अडकला होता. मठाला आणि खालच्या वाडीला तेवढं एकच पाणी. दोन दिवस वाडीतले हंडे कोरडे होते.

झऱ्यावर पोचताच सहा जणांचे सहा बेत निघाले. एक म्हणाला, फोडू. दुसरा म्हणाला, दोर लावून ओढू. तिसऱ्याने कुणाला न विचारता पहार घातली. दुपारपर्यंत दोन पहारी वाकल्या, एकाचं बोट चेचलं. दगड होता तिथेच. आवाज मात्र चढलेले; सगळ्यांत वर श्रीरंगाचा.

बुवा आले. मागे धोंडू.

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं...

आरडाओरडा थांबला. मग धोंडू खाकरला.

"डावीकडचा तो लहान दगड काढा. मोठा त्याच्यावरच टेकलाय."

श्रीरंगाने पहार लावली. लहान दगड निसटला, तसा मोठा गडगडत शेजारच्या घळीत गेला. पाणी उसळलं. खाली वाडीतून बायकांची आरोळी आली.

श्रीरंग धोंडूकडे वळला. "तुला हे कधीपासून ठाऊक होतं?"

"कालपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"आलो होतो सांगायला. तू बोलत होतास."

श्रीरंगाचे कान तापले. पण तो सहजी हार मानणारा नव्हता.

"बुवा, माझी निवड चुकली, कबूल. पण पारख खोटी नव्हती. धोंडू घुम्या आहेच ना?"

बुवांनी ओंजळभर पाणी पिऊन तोंड पुसलं...

"धोंडू? माझ्यापाशी तर त्याचं तोंड मिटत नाही."