मांडववाल्याचं घर

“…आणि बैठकीत मधोमध कारंजं बसवलं तर, महाराज? तेवढ्यानं तरी आबा राहतील का?”

हिरागिरी महाराज मठाच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी एक खडा उचलला, बाजूला टाकला… आणि पुन्हा सुपाकडे वळले.

विचारणारा होता त्रिंबक मांडववाला. पंचक्रोशीत लग्न कुणाचंही असो, मांडव त्रिंबकचाच. उकिरड्याशेजारी जागा दिली तरी तो दुपारपर्यंत तिथं राजवाडा उभा करी, आणि हे त्याला स्वतःला इतरांपेक्षा जरा जास्तच ठाऊक होतं. आठ वर्षं दर सोमवारी तो मठात यायचा, महाराजांना गुरू मानायचा. तरी मठाच्या दारावरचं साधं तोरण त्यानं दोनदा न विचारता बदललं होतं.

आबा म्हणजे त्याचे वडील. दोन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. गावी एकटे कसे राहतील, म्हणून त्रिंबकनं त्यांना आपल्या नव्या घरी आणलं होतं. आणि काल सकाळी आबा शांतपणे म्हणाले होते, येत्या गुरुवारच्या एस.टी.त मला बसवून दे. गावातलं घर बंद, जवळचं कुणी उरलेलं नाही. तिथं आंधळा म्हातारा चूल कशी पेटवणार, या विचारानं त्रिंबकचा जीव कालपासून थाऱ्यावर नव्हता.

उपाय मात्र त्याला एकच येत होता. घर आणखी सजवायचं.

त्यानं आजवर काय काय आणलं ते महाराजांना भरभरून सांगितलं. गुडघ्याएवढे पितळी हत्ती, उभे आरसे, काचेचा टिपॉय, गालिचे, रेशमी फुलांच्या कुंड्या. शिवाय दर शनिवारी तो सगळी मांडणी बदलत असे. एकच देखावा चार दिवस ठेवला की लोकांची नजर विटते, ही त्याच्या धंद्याची शिकवण.

महाराजांनी सूप खाली ठेवलं.

“चल. बघू तुझं घर.”

त्रिंबकला आभाळ ठेंगणं झालं. आठ वर्षांत महाराज त्याच्या घरी आले नव्हते. तो रस्ताभर चार पावलं पुढं, मग पुन्हा मागं, असा चालत होता आणि कारंज्याची जागा हातवारे करून दाखवत होता.

घरात शिरताना महाराजांना आधी एका कुंडीला वळसा घालावा लागला, मग एका हत्तीला. आबा कोपऱ्यातल्या खाटेवर पाय वर घेऊन बसले होते. महाराज त्यांच्या शेजारी टेकले. दोघांची गावाकडच्या विहिरीबद्दल आणि पेरणीबद्दल बोलणी झाली. त्रिंबक मध्ये मध्ये एकेक वस्तू कुठून मागवली ते सांगत होता.

महाराज उठले. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी त्रिंबकच्या डोळ्यांवर बांधलं.

“मला तहान लागलीय. माठातलं पाणी आण.”

त्रिंबक हसला. स्वतःचं घर, त्यात काय अवघड? तो झपाझप निघाला आणि तिसऱ्या पावलाला हत्तीची सोंड त्याच्या नडगीवर बसली. तो कळवळून वळला, तर गालिच्याच्या कडेत पाय अडकला. त्याची बायको मथुरा धरायला धावली, पण महाराजांनी हात आडवा केला.

आता त्रिंबकला दिशाच कळेना. माठ शनिवारी त्यानंच हलवला होता. कुठं, ते आठवेना. तो दोन्ही हात पसरून उभा राहिला…

“उजवीकडं नको, त्रिंबक,” कोपऱ्यातून आबा म्हणाले. “तिथं काचेचं काहीतरी आहे. मी परवा तिथंच पडलो.”

“आबा… मला बोलला नाहीत.”

“तू हौसेनं मांडलं होतंस रे.”

त्रिंबकनं उपरणं सोडलं तेव्हा ते ओलं झालं होतं. ज्या माणसासाठी त्यानं एवढं घर भरलं, त्याला त्यानं एका खाटेवर बसवून ठेवलं होतं.

महाराज पाणी न पिताच निघाले. दारात एवढंच म्हणाले, “काही आणू नकोस. काही हलवू नकोस.”

पण हलवू नकोस हे पाळण्याआधी एकदा हलवायला तर हवंच होतं. त्रिंबकनं बाह्या सरसावल्या. मांडव उतरवण्यातही तो तरबेज होताच. आरसे गेले, गालिचे गुंडाळले गेले, टिपॉय अंगणात आला. मथुरेला तर माहेरी निघाल्यासारखा हुरूप चढला. रोज पुसून पुसून ती त्या हत्तींना कंटाळली होती, आणि नवऱ्याला ते सांगायची आज पहिल्यांदाच सोय झाली होती.

मग घरात होतं त्यातूनच दोघं शोधू लागली. परसातली मोगऱ्याची कुंडी खिडकीत आली, म्हणजे आबांना खिडकी वासानं कळेल. उंबऱ्याशी काथ्याचं जुनं पायपुसणं आलं, म्हणजे पायाला उंबरा कळेल. परसदाराला बैलाच्या गळ्यातली घंटा बांधली. ही कल्पना मथुरेची, आणि त्रिंबकनं तिचं इतकं कौतुक केलं की ती लाजून आत पळाली. माठ एका कोपऱ्यात कायमचा बसला. दमडीही खर्च झाली नाही.

गुरुवारी सकाळी आबा खाटेवरून उतरले. पिशवी भरलेली होती. त्यांनी हात लांबवला, तर हाताला मोकळी भिंत लागली. तिच्यावर हात ठेवून ते एक पाऊल चालले, मग दुसरं… थेट माठापर्यंत. त्यांनी आपल्या हातानं पाणी घेतलं. मोगऱ्यापाशी थांबले. परसदारी जाऊन घंटा वाजवली, आणि पुन्हा वाजवली.

त्रिंबक आणि मथुरा श्वास रोखून बघत होती.

“गाडी गेली का रे?” आबांनी विचारलं.

गाडीला अजून अर्धा तास होता. “गेली,” त्रिंबक म्हणाला.

“जाऊ दे मग,” असं म्हणून आबा पुन्हा भिंतीला हात लावून चालू लागले.

पुढचे शनिवार त्रिंबकला फार जड गेले. त्याचे हात शिवशिवत. पण त्यानं काडीही हलवली नाही.

दिवाळीच्या तोंडावर त्यानं महाराजांना मोठ्या उत्साहानं पुन्हा घरी आणलं. आबा परसात मथुरेला शेंगा सोलू लागत होते. त्यांचं हसणं आतपर्यंत ऐकू येत होतं.

त्रिंबकला एकाच गोष्टीचा संकोच वाटत होता. उजव्या भिंतीवर कमरेच्या उंचीला खाटेपासून परसदारापर्यंत एक मळकट पट्टा उमटला होता. उद्या रंगारी बोलावलाय, तो म्हणाला, नाहीतर चार तसबिरी लावून झाकून टाकतो.

महाराज भिंतीजवळ गेले. त्या पट्ट्यावर बोट ठेवून सावकाश चालत राहिले. माठापाशी तो जाड झाला होता. मोगऱ्याजवळ जरा वर चढला होता.

“ही नक्षी कुणाची?”

“नक्षी कसली, महाराज. आबांचा हात फिरतो.”

महाराजांनी वळून समोरच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीकडे पाहिलं.

“आबांना म्हणावं, ती अजून बाकी आहे.”