ज्याचं लाकूड, त्याचं डोकं

देवीच्या मंडपाची ही नवी तुळई मी दिली, आधीच सांगून ठेवतो. अख्ख्या वेळवाडीत एवढं सरळ लाकूड दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. म्हणजे झाड राखलं आजोबांनी, तोडलं पोरानं, ओढलं बैलांनी. मी मागून फक्त 'हळू रे' ओरडत होतो.

पण पाहुणे तिच्याकडं बघतच नाहीत. ते बघतात अंगणात आडवी पडलेली जुनी तुळई, पिळलेल्या धोतरासारखी. तिच्यावर कुणी बसत नाही, तिचं जळण कुणी करत नाही. भर वैशाखात गाल लावा, गार लागते. शहरातले लोक आधी मोबाईल लावतात, मग गाल.

असं सांगतात, पूर्वी इथं गुणाजी सुतार होता. लाकूड घेताना तो ठोकून आवाज ऐकायचा आणि मग त्याला गाल लावायचा. ओलं लाकूड गार लागतं. तसंच वापरलं तर वाळताना पीळ घेतं, सांधे सोडतं. त्यानं पुजाऱ्याचंसुद्धा लाकूड परत धाडलं होतं म्हणे.

गावचा खोत येसाजी त्याचा दूधभाऊ. येसाजीची आई बाळंतपणात गेली, तेव्हा गुणाजीच्या आईनं, भागाईनं, दोघांना पाजून वाढवलं. मंडप बांधायचं ठरलं तसा येसाजी म्हणाला, "गुण्या, तुळई माझी. तीन पावसाळे माळ्यावर वाळलीय." गुणाजी सवयीनं गाल लावायला वाकला आणि थांबला. भावाचं लाकूड काय तपासायचं? तसाच सरळ झाला आणि करवत घेतली.

माळ्यावरचं वाळलेलं लाकूड येसाजीनं स्वतःच्या माडीला लावलं होतं. देवीला दिलं ते नुकतं तोडलेलं, जुनं दिसावं म्हणून धुरी देऊन काळं केलेलं.

शिमग्याच्या उन्हात तुळईनं पीळ घेतला. खांबाच्या खाचेत बसवलेलं तिचं टोक निसटलं. खाली भागाई देवीच्या वाती वळत बसली होती.

आईला उचलल्यावर गुणाजीनं तुळईच्या फुटलेल्या टोकाला गाल लावला. गार. त्यानं येसाजीकडं पाहिलं. सारा गाव उभा होता. येसाजी म्हणाला, "सुतार तू. तपासायचं काम तुझं."

गुणाजी भांडला नाही. त्यानं करवत तुळईवर ठेवली आणि देवीला सांगितलं, "यापुढं ज्याचं लाकूड, त्याचं डोकं खाली." मग खाडी ओलांडून गेला. तेव्हापासून वेळवाडीत सुताराचं घर नाही. आणि तुळई म्हणे अजून वाळली नाही.

आजही आमचा सुतार खाडीपलीकडून येतो. आजही नवी तुळई चढली की येणाऱ्या पुनवेला लाकूड देणाऱ्यानं तिच्याखाली एकट्यानं बसून पेज प्यायची. त्यानंतरच गाव आत पाऊल टाकतं. माझी एक पुनव दाढदुखीत गेली, दुसरीला पोटात कळ आली. पाहुण्यांना मात्र काही नियम नाही, ते खुशाल बसतात.

परवा पाहुण्यांतल्या एक चष्मेवाल्या बाई मंडपात पाय पसरून ही गोष्ट ऐकत होत्या. मी बाहेर, पायरीखाली, उन्हात. गोष्ट संपली तशा त्यांनी वर तुळईकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "या की आत. आमची लेकरंसुद्धा तुमच्याच तुळईखाली बसलीत."