बिळाच्या तोंडामागे एक ओंजळ

ज्यांनी जन्मात कधी बांध घातला नाही, त्यांनीच बांधावरच्यांसाठी नियम केला, आणि तो चुकला हे अजून कबूल केलेलं नाही.

उंदीर स्वतः शेती करत, त्या काळातली ही गोष्ट. डोंगरउतारावरच्या भातखाचराच्या बांधात राधी उंदरीण राहायची. तिच्या बिळाला एकच तोंड होतं. एका सकाळी टिटवीनं दरबारचा हुकूम ऐकवला: बिळाच्या प्रत्येक तोंडामागे ओंजळभर बियाणं फुकट.

"म्हणजे मला एकच ओंजळ?" राधीनं विचारलं.

"तोंड एक, ओंजळ एक. पलीकडच्या घुशीनं कालच चार तोंडं पाडलीत," टिटवी म्हणाली. "मी आपली मोजते, बाई."

गेल्या साली राधीची पिल्लं उपाशी झोपली होती. ती खणायला लागली.

खाचरातला बेडूक म्हणाला, "वैनी, बांध पोकळ होतोय."

"भावजी, तुमचं पोट डासांवर भरतं. आमचं नाही भरत."

तिचं बघून शेजारणींनीही तोंडं पाडली. टिटवी मोजून गेली आणि बियाणं खरंच आलं, टपोरं, निवडलेलं. पण खाचरातलं पाणी एकेका तोंडातून पाझरत होतं. एका पावसात बांध खचला आणि सगळी माती उताराला लागली. खाली नुसता कातळ उरला.

राधी बियाणं छातीशी धरून उभी राहिली. खाल्लं तर चार दिवस पुरलं असतं. पेरायला जागाच नव्हती.

बेडूक तिच्याजवळ क्षणभर थांबला. "बियाणं चांगलं आहे, वैनी," तो निघताना म्हणाला. "मला मात्र ओल लागते."