सात पाटांचा पाटकरी

फार जुन्या काळी डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. डोंगरावरच्या तळ्याचं पाणी सात पाटांनी नगरात यायचं. कोणत्या पाटाचं दार कधी आणि किती उघडायचं, हे एकट्या धारोजी पाटकऱ्याला ठाऊक होतं.

प्रधान त्याला म्हणत, "धारोजी, दोघाचौघांना शिकवून ठेवा."

"हे शिकवून येत नाही, प्रधानजी," तो सांगे. मनात मात्र वेगळंच असे. सगळ्यांना आलं, तर मला कोण विचारणार?

लोक त्याला फार मानत. लग्नकार्यात पहिलं पान त्याचं. पण जेवण उरकायच्या आत कोणीतरी बोलवायला येई, आणि तो हात धुऊन निघे.

एकदा शेजारच्या राज्यात मोठं धरण बांधायचं ठरलं. असं काम आयुष्यात एकदा तरी करावं, ही धारोजीची जुनी इच्छा. तो प्रधानांकडे गेला.

"तुमच्याइतकं जाणणारा दुसरा कोणी नाही," प्रधान म्हणाले. "म्हणूनच तुम्हाला सोडता येत नाही." आणि त्यांनी धारोजीहून कमी जाणणाऱ्या एका गवंड्याला पाठवलं.

पुढच्या वर्षी धारोजीच्या लेकीला मुलगी झाली. वाट तीन दिवसांची, म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं. बारशाचा सांगावा आला, तसा धारोजी सगळी दारं नीट बसवून बायकोसह बैलगाडीने निघाला.

दुसऱ्या दुपारी मागून घोडेस्वार आला. "धारोजीबाबा, परत चला! डोंगरावर पाऊस झालाय, पाचव्या पाटाचं दार उघडंच अडकलंय. कुंभारवाड्यात पाणी शिरलं!"

बायको म्हणाली, "लोकांची घरं बुडतायत. तुम्ही जा, मी गाडीवानासोबत पुढे होते."

धारोजी परतला. दाराच्या खाचेत हात घालून त्याने फुगलेली एक लाकडी खुंटी उपसली. दार धाडकन खाली बसलं. पाणी थांबलं.

चिखलात उभी राहून एक म्हातारी कुंभारीण बघत होती. तिची महिनाभराची कच्ची मडकी विरघळून गेली होती.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "ही खुंटी आम्हाला दाखवून ठेवली असती, तर माझी मडकी वाचली असती. आणि तुम्हाला नातीचं बारसं बघायला मिळालं असतं."



दुसऱ्याच दिवशी त्याने म्हातारीच्या सुनेसह चौघांना तळ्यावर नेलं. सगळं शिकवायला वर्ष लागलं. ज्या सकाळी त्याच्यावाचून सातही पाटांना पाणी आलं, त्या सकाळी त्याला फार रितं रितं वाटलं. कोणी बोलवायला येतं का, म्हणून दुपारपर्यंत तो ओट्यावर बसून राहिला. कोणी आलं नाही. मग त्याने गाठोडं बांधलं.

नात तोवर चालायला लागली होती. अनोळखी म्हातारा दिसताच ती आईच्या पदराआड लपली. धारोजी उंबऱ्याशी बसला आणि ती बाहेर यायची वाट पाहू लागला. परतायची घाई नव्हती.

तात्पर्य एवढंच: ज्याच्यावाचून सगळ्यांचं अडतं, तो स्वतःही तिथेच अडकून पडतो. आपल्याला येतं ते चौघांना दिलं, की त्यांचं काम चालतं आणि आपले पाय मोकळे होतात.